छोट्या विमानतळाच्या आवाजाच्या तक्रारी : समितीच्या हातात नेमकं काय असतं?

निशिगंध

कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहराच्या विमानतळ सल्लागार समितीवर मी आहे. शहराचं नाव लिहीत नाही. तक्रार करणारेही शेजारी आणि विमानं उडवणारेही शेजारीच. मी स्वतः वैमानिक नाही. विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्यांपैकी कुणीतरी समितीवर असावं म्हणून मला घेतलं. इथल्या पुष्कळ मराठी घरांवरून ही छोटी विमानं जातात, आणि 'तुम्ही समितीवर आहात ना, मग बंद का करत नाही?' हा प्रश्न मला दर गणपतीला आणि दर दिवाळी फराळाला विचारला जातो. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा धागा.

विमानतळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सहार येतं. आमच्याकडे तिकीट काढून बसायचं एकही विमान नाही. एक धावपट्टी, पत्र्याच्या हँगरांच्या रांगा, फ्लाइंग स्कूल, इंधनाचा पंप, एक छोटा टॉवर. मालक शहर. चालवायला एक मॅनेजर आणि हाताखाली मोजकी माणसं. ती सकाळी गाडी घेऊन धावपट्टीवर फिरतात, खडा-खिळा पडलाय का बघतात, दिवे तपासतात, गवत वाढलं तर कापतात, कारण गवतात पक्षी येतात आणि पक्षी इंजिनात जातात. उत्पन्न हँगरच्या भाड्याचं, विमान बांधून ठेवायच्या जागेच्या भाड्याचं आणि विकल्या जाणाऱ्या इंधनावरच्या आकाराचं. रोजचा खर्च यात भागतो. धावपट्टीचं डांबरीकरण मात्र यातून कधीच होत नाही.

त्यासाठी पैसे देते एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन. पात्र कामाचा साधारण ९० टक्के खर्च तिकडून येतो, आणि पैशांबरोबर अटी येतात. बहुतेक अटी अनुदान घेतल्यापासून २० वर्षं लागू राहतात. मुख्य अट अशी की विमानतळ सर्व प्रकारच्या विमानांना वाजवी अटींवर, भेदभाव न करता खुला ठेवायचा. दुसरी, विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं. शहराला ते रस्त्यांकडे किंवा बागांकडे वळवता येत नाही. अनुदानातून जमीन विकत घेतली असेल तर त्या जमिनीपुरत्या जबाबदाऱ्यांना वीस वर्षांची मुदतही नसते. दर वेळी डांबर घातलं की वीस वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हे आमच्या शहरातल्या बहुतेक लोकांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कौन्सिलच्या काही सदस्यांनाही नव्हतं.

आता आभाळाची मालकी. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाचा खटला आला. शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमानं इतक्या खालून उतरत की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. जवळपास दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला. कॉझ्बी खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : जमिनीच्या मालकाची मालकी आभाळापर्यंत जाते ही जुनी कल्पना आता चालणार नाही; पण विमानं इतकी खालून जात असतील की जमीन वापरताच येत नाही, तर सरकारने ती घेतल्यासारखीच आहे, भरपाई द्या. १९६२ च्या ग्रिग्ज खटल्यात ही भरपाई देण्याची जबाबदारी विमानतळाच्या मालकावर टाकली गेली. आणि १९७३ मध्ये बरबँक शहराने रात्री अकरा ते सकाळी सात जेट उडवायला बंदी घातली, तेव्हा न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. विमानांच्या आवाजाचं नियमन केंद्राचं, शहराने स्थानिक नियम करण्याच्या आपल्या अधिकारात त्यात पडायचं नाही.

म्हणजे आवाजाची भरपाई मागायची तर मालकाकडे, आणि विमान कुठून, किती उंचीवरून, किती वाजता जाईल हे ठरवणार एफएए. १९९० मध्ये संसदेने आणखी एक कायदा केला. मालक म्हणून एखाद्याला नवा कर्फ्यू किंवा अमुक विमानांना बंदी घालायची असेल तर आधी सविस्तर अभ्यास, जाहीर सूचना, खर्च-फायद्याचा हिशेब, आणि आजच्या जेटसारख्या विमानांसाठी एफएएची मंजुरी किंवा ती उडवणाऱ्या सगळ्यांची संमती. त्यापूर्वीचे निर्बंध तसेच राहिले. म्हणून काही विमानतळांवर रात्रीचा कर्फ्यू दिसतो आणि 'त्यांना जमतं मग तुम्हाला का नाही?' असं विचारलं जातं. त्यांनी तो १९९० च्या आधी घातला होता.

माझं मत स्पष्ट सांगते. आमच्यासारख्या समित्यांनी वर्षानुवर्षं लोकांना 'विचार करू', 'वर कळवू' असं सांगून त्यांचा जास्त विश्वास घालवला आहे. आपल्या हातात काय नाही हे पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगावं, आणि जे हातात आहे ते लगेच करावं. हातात थोडंच असतं, पण जे असतं त्याने फरक पडतो. तो कसा, ते प्रतिसादांत लिहीन.

कोरांटी

सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. पण वाटेखाली राहणारी म्हणून माझीही बाजू लिहिते. मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन झोपायचं तर नऊ वाजल्यापासून डोक्यावर एकच विमान गोल गोल फिरत असतं. येतं, खाली जातं, परत वर येतं, परत तेच. मोठी विमानंही इथून जातात, त्यांचा त्रास नाही, ती जातात आणि संपतं. हे संपतच नाही. फोन केला तर मशीन. ईमेल केली तर 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे'. वर कुणीतरी म्हणणार, विमानतळ आधी होता, तुम्ही घर नंतर घेतलंत. हो, घेतलं. घर बघायला आलो तेव्हा दिवसातून चार विमानं जात होती, आता मोजता येत नाहीत.

निशिगंध

कोरांटी, 'विमानतळ आधी होता' हे वाक्य मी समितीच्या बैठकीत बोलू देत नाही. धावपट्टी आधी होती हे खरं, पण तिच्यावरची वर्दळ आधी नव्हती. एका फ्लाइंग स्कूलच्या तीन झाल्या तर त्याच धावपट्टीखाली राहणं ही वेगळीच गोष्ट होते.

तुम्ही जे वर्णन केलंत त्याला टच-अँड-गो म्हणतात. शिकाऊ वैमानिक उतरतो, चाकं टेकली की न थांबता पुन्हा उड्डाण. एका फेरीला पाच-सहा मिनिटं लागतात. एका वेळी अशी चार विमानं फिरत असली तर तुमच्या छतावरून दर दीड मिनिटाला एक जातं.

आणि ही गोष्ट सरकारी आकड्यात नीट दिसत नाही. एफएए जो आकडा वापरतं तो वर्षभराची सरासरी असतो. रात्री दहा ते सकाळी सातच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांइतकं. या सरासरीने ६५ डेसिबलच्या खालचा भाग राहण्यायोग्य मानतात. छोट्या विमानतळांची ६५ ची रेषा बहुधा कुंपणाच्या आतबाहेरच संपते. मग कागदोपत्री कुणालाच त्रास नसतो. तुमची रात्रपाळीनंतरची झोप तर कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण तुमची रात्र त्यांच्या दिवसात येते.

यावर एक चांगला आधार मात्र आता आहे. एफएएनेच २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून जास्त लोकांना विचारून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. जुन्या सूत्राप्रमाणे ६५ डेसिबलला १२.३ टक्के लोक फार त्रासलेले असायला हवे होते. नव्या पाहणीत ते साठ टक्क्यांच्या वर निघाले. लोक पूर्वीपेक्षा कुरकुरे झालेत असं म्हणणाऱ्यांना मी हा अहवाल देते. अर्थात ती पाहणी मोठ्या, प्रवासी विमानतळांभोवतीची आहे. छोट्यांसाठी एवढं मोठं काम माझ्या वाचनात नाही.

रानवारा

मी दुसऱ्या बाजूचा. टेक्सासमध्ये फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, मूळचा सांगलीचा. टच-अँड-गो का वाढले ते सांगतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही उड्डाणाचे साधारण १५०० तास लागू लागले. पूर्वी व्यावसायिक परवान्याच्या २५० तासांवर नोकरी मिळू शकत असे. मधले तास कुठून आणायचे? बहुतेक जण माझ्यासारखे शिकवतात. म्हणजे शिकणारे वाढले, शिकवणारेही वाढले, आणि दोघांनाही तास हवेत. त्यात भारतातून परवान्यासाठी येणारी मुलं. आपल्याकडे डीजीसीएला, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाला, २०० तास लागतात, ते इथे हवामान चांगलं आणि विमानं मिळतात म्हणून लवकर होतात. माझ्या शाळेत पुण्या-नाशिकची मुलं नेहमी असतात. त्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढलेलं असतं. प्रत्येक तासाचे पैसे मोजलेले असतात.

लँडिंग पुस्तकातून येत नाही, ते पुन्हा पुन्हा करूनच येतं. ते बंद करा म्हटलं तर मी कधीच हो म्हणणार नाही, कारण त्यात सुरक्षेचा प्रश्न आहे. पण आवाज कमी करणं आमच्या हातात पुष्कळ आहे आणि आम्ही ते आळसाने करत नाही, हेही खरं.

छोट्या विमानाचा आवाज लोकांना इंजिनाचा वाटतो, पण मोठा वाटा पंख्याच्या टोकांचा असतो. सेसना १७२ चा पंखा सव्वासहा-साडेसहा फुटांचा. उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला २७०० पर्यंत फेरे घेतो. हिशेब केला तर टोकाचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के. २४०० फेऱ्यांवर आणलं की तोच वेग २४० मीटर होतो आणि कानाला फरक लगेच कळतो, कारण टोकाचा वेग थोडा उतरला तरी आवाज खूप उतरतो. सुरक्षित उंची गाठली की थ्रॉटल मागे घ्यायचा, एवढंच. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. म्हणून धावपट्टीच्या अगदी सुरुवातीपासून उड्डाण घ्यावं, अर्ध्यातून नको. मग कुंपण ओलांडताना विमान जास्त उंच असतं. वळण घरांवर न घेता हायवेवर किंवा पाण्यावर घ्यावं. फेऱ्या मारायच्याच असतील तर तीन-चार लँडिंगनंतर वीस मैलांवरच्या दुसऱ्या धावपट्टीवर जावं.

पण हे सगळं ऐच्छिक. टॉवरने वेगळं सांगितलं तर टॉवरचं ऐकायचं. इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला तर आवाजाचे नियम बाजूला. धाग्यावरच्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं ही विनंती.

पोस्टकार्ड

दोघांचंही वाचलं. पण एक मूलभूत प्रश्न. हा विमानतळ हवाच कशाला? मोजके लोक छंद म्हणून उडणार, काही श्रीमंत जेटने येणार, आणि हजारो लोकांनी सहन करायचं. सांता मोनिकाने बंद करायचं ठरवलंच ना? तुमचं शहर का नाही ठरवत?

निशिगंध

प्रश्न रास्त आहे. सांता मोनिकाचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून ते नीट सांगते. त्यांनी ठरवलं हे खरं, पण ठरवल्यापासून व्हायला किती काळ लागला ते बघा.

तो विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचा. डग्लस कंपनीचा कारखाना तिथे होता, डीसी-३ हे प्रवासी विमान तिथेच बनलं. कामगारांसाठी भोवती घरं झाली आणि धावपट्टीच्या टोकापासून शे-दीडशे मीटरच्या आत आली. मग जेट आली. शहराने जेटवर बंदी घातली, ती १९७९ मध्ये कोर्टाने रद्द केली. १९८१ मध्ये कौन्सिलने बंद करायचा ठराव केला. त्यावर एफएएशी भांडण, आणि १९८४ मध्ये करार : शहर २०१५ पर्यंत चालवेल, त्याबदल्यात आवाजाची मर्यादा आणि रात्री उड्डाणाला कर्फ्यू ठेवता येईल. एका विमानाच्या एका जाण्याच्या आवाजाला त्यांनी ९५ डेसिबलची मर्यादा घातली आणि मोजण्यासाठी यंत्रं बसवली. २००८ मध्ये वेगवान जेटना बंदी घालायचा प्रयत्न केला, तो २०११ मध्ये अपील कोर्टात हरले. २०१४ मध्ये मतदारांनी कौल दिला की बंद झाला तर तिथे बागा आणि खुली जागाच होईल. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये एफएएशी तडजोड झाली. धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फूट करायची, आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करता येईल.

म्हणजे १९८१ च्या ठरावापासून ४७ वर्षं. आणि त्या तडजोडीत माझ्या मते सगळ्यांत कामाची गोष्ट ठरली धावपट्टी आखूड होणं. २०१७ च्या डिसेंबरात ती आखूड झाली आणि जेटची ये-जा एकदम घटली, कारण मोठ्या जेटना तेवढ्यात उतरताच येत नाही.

न्यूयॉर्कजवळच्या ईस्ट हॅम्प्टनची गोष्ट उलट. उन्हाळ्यात मॅनहॅटनहून हेलिकॉप्टरची रांग लागते. गावाने २०१५ मध्ये कर्फ्यूचे नियम केले. त्यांना वाटलं, आपल्यावर अनुदानाच्या काही अटी आता लागू नाहीत, म्हणजे मोकळे आहोत. २०१६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, १९९० चा कायदा पैसे घ्या किंवा न घ्या, लागूच आहे. प्रक्रिया केली नाहीत, नियम रद्द. याउलट फ्लोरिडातल्या नेपल्सने पूर्ण अभ्यास केला आणि जुन्या, जास्त आवाजाच्या जेटना बंदी घातली. एफएएने अनुदान अडवलं, नेपल्स कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये जिंकलं. कंटाळा न करता कागद पूर्ण केले, हाच त्यांचा विजय.

आणि कागद न करता काय होतं, त्याचं टोकाचं उदाहरण शिकागोचं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेली यांनी बुलडोझर पाठवून मेग्ज फील्ड विमानतळाची धावपट्टी खणून काढली. आत उभी असलेली विमानं अडकली. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला आणि अनुदानातले दहा लाख डॉलर परत करावे लागले. तिथे आज बाग आहे. बाग चांगली आहे, पण ज्या पद्धतीने झाली त्याचं समर्थन मला करता येत नाही.

'हवाच कशाला' याचं माझं उत्तर : वणव्याच्या दिवसांत आमच्या शेजारच्या डोंगरावर आग लागली की हेलिकॉप्टर इथूनच भरून जातात. रुग्ण न्यायचा असतो, प्रत्यारोपणाचा अवयव न्यायचा असतो, तेव्हा हीच धावपट्टी. ते दिवस थोडे असतात हे मान्य. पण त्या थोड्या दिवसांसाठी धावपट्टी वर्षभर नीट ठेवायची तर खर्च शिकाऊ विमानांच्या इंधनातून आणि हँगरच्या भाड्यातूनच निघतो.

अंगणवेल

मी सॅन होजेच्या पूर्वेला राहते, रीड-हिलव्ह्यू विमानतळाच्या जवळ. आमच्याकडे चर्चा आवाजाची कमी, शिशाची जास्त. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, पण पिस्टन इंजिनाच्या विमानांत अजून शिसं घातलेलं इंधन वापरतात. काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, अभ्यास करून घेतला, २०२१ मध्ये तो आला : विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण लांब राहणाऱ्यांपेक्षा जास्त. काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिशाचं इंधन विकणं थांबवलं. त्यावर एफएएने चौकशी सुरू केली, कारण सर्व विमानांना सेवा देण्याची अट. ज्या विमानांना तेच इंधन लागतं त्यांनी काय करायचं, हा त्यांचा मुद्दा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानेही हे शिसं आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. पण २०२४ च्या नव्या कायद्याने, जिथे हे इंधन मिळत होतं तिथे योग्य पर्याय येईपर्यंत किंवा २०३० संपेपर्यंत ते मिळत राहावं असं ठरवलं.

मला एक गोष्ट खटकते. आवाजाच्या तक्रारीत पुढे असतात ती पैसेवाली गावं, कारण त्यांना वेळ आहे, वकील आहेत. आमच्या भागात दोन नोकऱ्या करणारी कुटुंबं. ती दुपारी अडीच वाजताच्या बैठकीला येणार कुठून? तक्रारींच्या संख्येवर ठरवलं तर आमचा नंबर कधीच लागणार नाही.

निशिगंध

अंगणवेल, हा मुद्दा मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आमच्याही बैठका दुपारीच असतात.

तक्रारींच्या संख्येबद्दल एक खरी आकडेवारी. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे ८,७६० तक्रारी आल्या. त्यातल्या ६,८५२ एकाच घरातून होत्या, म्हणजे रोज जवळपास १९. हा आकडा वैमानिक मंडळी फार उत्साहाने सांगतात, जणू बाकीच्या १,९०० तक्रारी नव्हत्याच. त्या एका घरातल्या माणसाचा त्रासही खोटा असेल असं मला वाटत नाही. पण नुसती बेरीज छापली तर दोन्हीकडून चुकीचं चित्र दिसतं.

म्हणून आम्ही अहवाल बदलला. आता किती तक्रारी यापेक्षा किती घरांतून, त्यांपैकी नवी घरं किती, कुठल्या गल्लीत, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे छापतो. नवी घरं एका गल्लीत अचानक वाढली की काहीतरी बदललेलं असतं : वारा बदलून धावपट्टीची उलटी दिशा वापरात आली असेल, नाहीतर एखाद्या शाळेत नवा प्रशिक्षक आला असेल. हे बेरजेतून कधी कळलं नसतं.

दुसरं, उत्तर. मशीन आणि 'नोंद घेतली आहे' बंद केलं. तक्रारदाराने वेळ आणि गल्ली सांगितली की कर्मचारी त्या वेळचा विमानाचा मार्ग काढतो. २०२० पासून बहुतेक विमानं आपली जागा आणि उंची स्वतःच प्रक्षेपित करतात, त्यामुळे हे सोपं झालं. मग फोन करून सांगतो : ते विमान आमचं होतं किंवा नव्हतं, किती उंचीवर होतं, वाटेवर होतं की वाट सोडून. पुष्कळदा ते आमचं नसतंच, मोठ्या विमानतळाकडे जाणारं असतं. वाट सोडून असेल तर शाळेला कळवतो आणि शाळेने काय सांगितलं तेही तक्रारदाराला कळवतो. विमान नियमात होतं आणि आम्ही काही करू शकत नाही, हेही तसंच सांगतो. लोक यावर चिडतात असं वाटलं होतं. बहुतेक जण 'निदान कुणी बघितलं तरी' म्हणतात.

तिसरं, शाळांशी बोलणी. सक्ती करता येत नाही, पण शाळांना शहरात राहायचं असतं. त्यांनी स्वतःहून मान्य केलं : रात्री उशिरा आणि रविवारी सकाळी फेऱ्या नाहीत, एका वेळी मोजकीच विमानं, आणि रानवारा यांनी लिहिलेलं सगळं. धावपट्टीच्या टोकाला, उड्डाणाआधी वैमानिक थांबतो तिथे, वाटेची पाटी लावली. नकाशा ब्रीफिंगच्या टेबलावर ठेवला. शाळा पाळतात. त्रास देतात ते बाहेरून येणारे, त्यांना आमची वाट माहीत नसते.

कोरांटी, सकाळी नऊची तुमची अडचण यातून सुटत नाही. दिवसा विमानं उडणारच. तुम्ही तुमच्या विमानतळाच्या मॅनेजरला रात्रपाळीचं स्पष्ट सांगून फेऱ्यांची बाजू आलटून-पालटून ठेवता येईल का, हे विचारा. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना फेऱ्या मारता येत असतील तर ते शक्य असतं.

कोरांटी

विचारते. बाजू बदलली तर त्या बाजूचे लोक माझ्यासारखेच होतील, हेही कळतंय. तरी विचारते, कारण झोपेला पर्याय नाही.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितो. इथे हे ऐच्छिक नाही, कायद्याने आहे. वर्षाला १५,००० पेक्षा जास्त उड्डाणं-अवतरणं असलेल्या छोट्या मैदानांवर आठवड्याच्या दिवशी दुपारी एक ते तीन फेऱ्या मारायच्या नाहीत. शनिवार-रविवारी दुपारनंतरही नाही. महत्त्वाचं म्हणजे, आवाज कमी असल्याचं प्रमाणपत्र असलेल्या विमानांना या वेळांतून सूट. परिणाम असा की क्लबांनी आपल्या विमानांना सायलेन्सर आणि जास्त पात्यांचे, कमी व्यासाचे पंखे बसवून घेतले. तेच विमान अमेरिकेत ऐकलं आणि इथे ऐकलं तर फरक कळतो. बंदीपेक्षा सूट जास्त उपयोगी पडली असं मला वाटतं.

रानवारा

ऱ्हाइनकाठ, +१. इथे एक पंखा बदलायचा खर्च शाळेला परवडत नाही असं मालक सांगतात. इंधनावर किंवा भाड्यात काही सवलत मिळाली तर कदाचित करतील. निशिगंध, तुमच्या शहराला सायलेन्सर बसवणाऱ्यांना हँगरचं भाडं कमी करता येईल का?

निशिगंध

भेदभावाची अट आडवी येते का ते शहराच्या वकिलांकडून तपासून घ्यावं लागेल. पण सवलत सर्वांना सारखी खुली असेल तर मार्ग निघावा. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सांगते. ऱ्हाइनकाठ, त्या नियमाचा दुवा मला विपूत, म्हणजे माझ्या विचारपूस पानावर, द्याल का? इथे लोकांना दाखवायला उपयोगी पडेल.

जुहूकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आमचं जुहू १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. तेव्हा भोवती वाळू आणि माड होते, आज इमारती. आता मुख्यतः हेलिकॉप्टर, समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर जाणारी. हेलिकॉप्टरचा आवाज कानाआधी खिडकीच्या काचेला कळतो. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राने विमानतळांभोवतीच्या आवाजाच्या मर्यादा ठरवल्या : वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त ये-जा असलेल्या गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, इतरांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०. मर्यादा आहेत, पण घरात राहणाऱ्याला फोन करायला तुमच्यासारखी स्थानिक समिती नाही. मालक विमानतळ प्राधिकरण, म्हणजे दिल्ली. तुमच्याकडे निदान शहराच्या सभेत उभं राहून तीन मिनिटं बोलता येतं, हे वाचून बरं वाटलं.

पोस्टकार्ड

माझं मत पूर्ण बदललं नाही. वणवा आणि रुग्णांसाठी एक हेलिपॅडही पुरेल असं मला अजून वाटतं. पण ४७ वर्षं आणि एक रात्र यांतला फरक समजला. आता व्यवहाराचा प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात घर बघतोय, बे एरियातच, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. अशी वाट वरून जाते का हे कसं ओळखायचं? एजंट काही सांगत नाही.

निशिगंध

एजंटने नाही सांगितलं तरी कागद सांगतो. कॅलिफोर्नियात घर विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात असेल तर विकणाऱ्याने ते लेखी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. व्यवहाराच्या जाड गठ्ठ्यात, भूकंप आणि पुराच्या पानांजवळ ते पान असतं. बहुतेक लोक त्यावर न वाचता सही करतात. ते काढून वाचा.

पण त्या पानावरून फक्त 'आहे' किंवा 'नाही' कळतं. म्हणून काउंटीच्या संकेतस्थळावर त्या विमानतळाचा जमीनवापर आराखडा शोधा, त्यात आवाजाच्या रेषांचा नकाशा असतो. घर रेषेच्या बाहेर असलं तरी फेऱ्यांची वाट कुठून जाते ते वेगळं बघा. विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर एखाद्या शनिवारी सकाळी तासभर लक्ष ठेवा, गोल फेऱ्यांचा आकार आपोआप दिसतो. घर बघायला ओपन हाऊसच्या वेळीच जाऊ नका. स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जा आणि मागच्या अंगणात उभे राहा. वारा नेहमीपेक्षा उलटा असेल त्या दिवशी पुन्हा जा, कारण वाऱ्याबरोबर धावपट्टीची दिशा बदलते आणि ज्या घरावर एरवी काहीच नसतं त्याच्यावर त्या दिवशी सगळं असतं. शेजाऱ्याला विचारा, आणि विचारताना 'आवाज येतो का' असं विचारू नका, सगळे 'सवय झाली' म्हणतात. खिडक्या उघड्या ठेवून झोपता का, असं विचारा.

बे एरियात कुठली धावपट्टी जवळ पडते ते विपूत कळवा. रीड-हिलव्ह्यू असेल तर अंगणवेल सांगू शकतील, बाकीच्यांबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगते.